मृत्यूला रडू का आलं?

“मी इथं थांबलो होतो. ते कुठं गेलं?”

देवतळे सरांनी कानावरचे हेडफोन काढले आणि प्रणयकडे बघत राहिले.

प्रणय हसला. त्याला वाटलं, कौतुक सुरू झालं.

“काढलं ना, सर! फाईल साफ केली. खोकला, श्वास, मधले थांबे, सगळं. सॉफ्टवेअरला सांगून ठेवलं, जरा कुठं शांतता दिसली की काप. एकदम चकाचक झाली की नाही?”

“थांबे पण?”

“सर, थांबेच तर जास्त होते.”

सरांनी हेडफोन टेबलावर ठेवले.

मी दाराजवळच्या स्टुलावर, कूलरच्या बटणापाशी बसले होते. आज हे असं व्हायला नको होतं. आज तर नकोच.

थांबा, आधी सांगते आम्ही तिथं काय करत होतो, नाहीतर काहीच कळणार नाही.

नागपुरात अंध मुलांची एक शाळा आहे, तिच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. भिंतीभर ब्रेलची जाडजूड पुस्तकं रचलेली. त्यामुळे आवाज घुमत नाही, रेकॉर्डिंगला एकदम मस्त. तिथं आम्ही जुनी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करतो. ज्यांना दिसत नाही त्यांनी ऐकावी म्हणून. पगार नाही, काही नाही, हौस. माझं म्हणाल तर मी दिवसभर एका कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकते, आणि सुट्टीच्या दिवशी इथं येऊन गप्प बसते. मला गप्प बसवणारी जगातली ही एकच जागा आहे, असं माझी आई म्हणते.

यावेळचा ग्रंथ होता पुराणकथांवरचा. कोण्या जुन्या शास्त्रीबुवांनी लिहिलेला. एकच गोष्ट कुठं कशी सांगितली, नंतर कोणी बदलली, का बदलली असेल, असं सगळं खोदून खोदून. पान उलटलं की पापडासारखा कोपरा तुटतो. शाई फिकी, वाक्यं लांबच लांब.

प्रकरणं आम्ही वाटून घेतली होती. अमरावतीच्या एक काकू, बँकेतून रिटायर झालेल्या. चंद्रपूरचा एक औषधाच्या दुकानातला मुलगा. पुण्यात एक आजोबा, त्यांना आम्ही कोणीच कधी बघितलं नाही, ते फक्त श्लोकांचे उच्चार तपासतात आणि ग्रुपवर रागावतात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पुस्तक समोर धरून ऐकायचं, तिसऱ्यानं तुकडे जोडायचे. आणि सगळं झालं की ती फाईल देवतळे सरांकडे.

सरांनी ऐकल्याशिवाय काही पुढं जात नाही.

सर याच शाळेत मराठी शिकवायचे. पोरांना ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकं स्वतः वाचून दाखवायचे. वाचनाच्या बाबतीत ते आम्हा सगळ्यांचे गुरू, पण गुरू म्हटलं की चिडतात.

शेवटचं प्रकरण त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. जवळजवळ वाचूनही झालं होतं. एकच पान राहिलं आणि आवाज बसला.

आम्हाला वाटलं, उन्हामुळं. मग वाटलं, माठातल्या पाण्यामुळं. मग तपासण्या झाल्या, आणि घशात गाठ निघाली.

उद्या ऑपरेशन.

डॉक्टर म्हणाले होते, आवाज राहील किंवा नाही राहणार, आत गेल्यावर कळेल.

आम्ही सगळे मात्र एकच म्हणत होतो. काही होत नाही, सर. अमरावतीच्या काकू फोनवर म्हणाल्या, काही होत नाही. पुण्याच्या आजोबांनीसुद्धा न रागावता तसाच मेसेज पाठवला. मी तर दिवसातून दहादा म्हणत होते आणि प्रत्येक वेळी माझेच हात गार पडत होते. नागपूरच्या मे महिन्यात, बोला.

तर ते राहिलेलं एक पान आज प्रणय वाचणार होता.

प्रणय वैरागडे. तुम्ही नागपूरचे असाल तर त्याला ऐकलंच असेल. गावातल्या अर्ध्या साडीच्या दुकानांच्या जाहिराती त्याच्या आवाजात आहेत. लग्नात, उद्घाटनात, गणपतीत माईक त्याच्याच हातात. आवाज खरंच भारी आहे, आणि ते त्याला चांगलंच माहीत आहे. सरांकडे येऊन त्याला वर्ष होत आलं होतं. पहिल्या दिवशी आला तेव्हा म्हणाला होता, “सर, शिकवा असं नाही म्हणत. फक्त एकदा ऐका.”

पण मनाचा मोठा. उद्या पहाटे सरांना दवाखान्यात तोच नेणार होता, स्वतःच्या गाडीतून.

आणि कालपासून जागून त्यानं सरांची फाईल साफ केली होती. प्रेमानं. सरांचा आवाज आणि त्याचा आवाज एकामागून एक ऐकताना खड्डा वाटू नये म्हणून.

“मूळ फाईल?” सरांनी विचारलं.

आता त्यांचा आवाज म्हणजे वाळलेलं पान हातात चुरगाळावं तसा. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलेलं. त्यांनी तोंड उघडलं की मला वाटायचं, हा शब्द महाग पडणार.

प्रणयचं हसू जरा कमी झालं.

“त्याच्यावरच सेव्ह केलं, सर. जुनी कशाला ठेवायची, गोंधळ होतो...”

आणि मग त्याच्या लक्षात आलं.

उद्या ऑपरेशन. आणि सरांचा तो आवाज, तसाच्या तसा, त्या एकाच फाईलमध्ये होता.

तो माझ्याकडे वळला. चेहरा पांढराफटक.

“आशू...”

“बघते, बघते, बघून राहिले!”

मी लॅपटॉप ओढला. सगळ्या फायलींची एक प्रत मी हार्ड डिस्कवर टाकते. टाकते म्हणजे आठवण झाली तर टाकते. हे शेवटचं प्रकरण टाकलं होतं की नव्हतं? पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली, त्या ग्रंथात ज्यांच्या गोष्टी खोट्या ठरवल्यात त्यांचीसुद्धा.

सापडली.

“आहे, सर! आहे! मूळ आहे!”

“ती ठेव,” सर म्हणाले. मग प्रणयला, “बस.”

प्रणय खुर्चीवर बसला. उन्हासाठी गळ्यात गुंडाळलेल्या दुपट्ट्यानं त्यानं तोंड पुसलं.

“सॉरी, सर.”

“वाच.”

मी कूलर बंद केला.

हे पण सांगायला पाहिजे. आमच्याकडे एसी नाही. एक भला मोठा लोखंडी कूलर आहे, तो सुरू असताना विमान उडाल्यासारखा आवाज येतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद. नुसता बंद करून भागत नाही, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांमधून पाणी ठिबकत राहतं, ते थांबेपर्यंत बसावं लागतं. मग दार बंद, पंखा बंद, फोन पेटीत. आणि बाहेर नागपूरचं ऊन.

वाचणाऱ्याचं मनासारखं झालं की सर मला सांगतात, तेव्हा मी कूलर लावते. नाही झालं तर नाही लावत. कितीही वेळ. अमरावतीच्या काकू एकदा इथं येऊन वाचून गेल्या, त्या अजून म्हणतात, या माणसानं मला उकडून काढलं हो, बटाट्यासारखं.

पाणी ठिबकायचं थांबलं.

शेवटच्या पानावर काय होतं ते सांगते. ब्रह्मदेवानं माणसं तर घडवली, पण ती मरेनातच. पृथ्वीला भार झाला. म्हणून त्यानं मृत्यू निर्माण केला. आणि तो मृत्यू म्हणजे रेड्यावर बसलेला कोणी मिशीवाला नाही, बरं का. ती बाई होती. ब्रह्मदेव म्हणाला, जा, मार. तर ती रडायलाच लागली. नाही म्हणाली. दूर जाऊन तप करत बसली. शेवटी ब्रह्मदेवानं तिचे अश्रू हातात धरले आणि त्यांचे रोग झाले.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सरांच्या गळ्याकडे बघितलं होतं, आणि मग दुसरीकडे बघितलं होतं.

शास्त्रीबुवांनी ही गोष्ट प्रकरणभर उलटसुलट तपासली आहे. आधीच्या पंडितांनी दिलेलं एकेक कारण उचललं आणि खाली ठेवलं. हे पटत नाही, ते जुळत नाही. आणि मग ग्रंथाचं अगदी शेवटचं वाक्य. त्याच्यापुढं काही नाही, नुसता कोरा कागद.

“मृत्यूस रडू का आले, हे आम्हांस ठाऊक नाही.”

एवढा जाडजूड ग्रंथ लिहून माणूस शेवटी असं म्हणतो! मी तर पान चिकटलंय का म्हणून नखानं उकलून बघितलं होतं.

प्रणयनं घसा साफ केला. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. लाल दिवा लागला.

तो वाचायला लागला. वरचं सगळं पान छान गेलं. अवघड शब्द, लांब वाक्यं, कुठं अडखळला नाही. मग शेवटच्या वाक्याला त्यानं आवाज खाली नेला, तो त्याचा प्रसिद्ध आवाज, तळघरातून येणारा.

“मृत्यूस रडू का आले... हे आम्हांस ठाऊक नाही!”

मला काटा आला, खोटं नाही सांगत.

सरांनी डोळे उघडले.

“हे कोण बोललं?”

“मी, सर.”

“नाही. दुकान बोललं.”

मी ओठ चावले. प्रणयनं मान हलवली, ठीक आहे, ठीक आहे, आणि पुन्हा सुरू झाला. यावेळी त्यानं गळा भरून आणला. शेवटचे शब्द तर हुंदक्यात बुडून गेले.

“तुला कशाला रडू आलं?” सर म्हणाले. “रडली ती.”

पुन्हा.

यावेळी सपाट. काहीच न करता, सरळ.

“आता?”

“आता बातम्या.”

माझ्या पाठीवरून घामाची धार चालली होती. खोली तव्यासारखी तापली होती. सरांच्या कपाळावर पण घाम जमला, मी ओला दुपट्टा त्यांच्या डोक्यावर ठेवला, त्यांनी ठेवू दिला. हाताला त्यांचं कपाळ लागलं, फार गरम लागलं. मला एकदम भीती वाटली. उद्या ऑपरेशन असलेल्या माणसाला आम्ही इथं कूलर बंद करून बसवलंय! काही झालं तर? ताप असेल तर डॉक्टर घेतील का आत? मी कोणाला काय सांगणार?

पेटीतला फोन थरथरला. ग्रुप. मी झाकण जरा उचलून बघितलं. झालं का, झालं का, झालं का.

“सर,” प्रणय म्हणाला, “मी असं करतो ना. चार-पाच प्रकारे वाचून ठेवतो. तुम्ही घरी परत आले की आरामात ऐका अन् निवडा. काय घाई आहे?”

“आज.”

“पण सर, या गर्मीत तुम्ही...”

“प्रणय.”

“हो, सर.”

“ग्रंथ उघडा टाकून मी नाही झोपणार तिथं. त्या टेबलावर.”

एवढं मोठं वाक्य बोलल्यावर त्यांना खोकला आला. बराच वेळ आला. मी कोमट पाण्याचा पेला धरला. प्रणय उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

खोकला थांबल्यावर सरांनी हातानंच खूण केली. वाच.

आता प्रणय विचारात पडलेला दिसला. त्यानं हेडफोन उचलले, माझ्याकडून सरांची मूळ फाईल मागून घेतली आणि मधलं कुठलंसं वाक्य ऐकलं. शास्त्रीबुवांना पुस्तकभर अशी सवय आहे. मधेच कुठंतरी म्हणतात, हे ठाऊक नाही, इथं आमचा तर्क चालत नाही. या प्रकरणात अशा प्रत्येक ठिकाणी सर थांबलेत. कधी थोडं, कधी इतकं की ऐकताना मी दोनदा लॅपटॉप बंद पडला का ते बघितलं होतं.

प्रणयनं लक्ष देऊन ऐकलं. त्याचा चेहरा उजळला. सापडलं, अशा चेहऱ्यानं त्यानं हेडफोन काढले.

पुन्हा वाचलं. शेवटच्या वाक्यात “का आले” नंतर थांबला. छान थांबला. सरांसारखाच. मग “हे आम्हांस ठाऊक नाही.”

मला तर वाटलं, झालं! माझा हात बटणावर गेलासुद्धा.

सर म्हणाले, “मोजलं?”

प्रणयनं मांडीवरची मुडपलेली बोटं सरळ केली.

“किती?”

“...तीनपर्यंत, सर.”

“मग? तिनानंतर ठाऊक झालं?”

माझा हात बटणावरून खाली आला.

आणि प्रणय चिडला. चिडणारच ना! कोणीही चिडला असता. शर्ट अंगाला चिकटलेला, घसा सुकलेला, आणि ज्या आवाजासाठी लोक त्याच्या मागे फिरतात त्या आवाजात एक साधं वाक्य पास होत नव्हतं.

“सर, राग नका मानू, पण वाक्यच असं आहे. ठाऊक नाही. संपलं. त्याच्यात वाचायचं काय? कोणीही म्हणेल, ठाऊक नाही म्हणून. लहान पोरगं म्हणेल.”

“म्हण मग.”

“मृत्यूस रडू का...”

“पुस्तकातलं नाही. तुझं.”

“माझं काय, सर?”

“तुला जे ठाऊक नाही ते.”

प्रणयनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. लाल दिवा चालूच होता, मी बंद करायला विसरले होते, आणि आता मधेच हालचाल करायची माझी छाती होत नव्हती.

“गणित,” तो म्हणाला. “गणित नाही येत मला, सर.”

मी हसले. सर पण जरासे हसले.

“अजून.”

“पोळ्या. माझी पोळी गोल नाही होत. आशूला विचारा, तिनं खाल्ली आहे.”

“चंद्रपूर जिल्ह्याचा नकाशा होता तो,” मी म्हणाले.

“झालं, सर? अजून सांगू? मला पोहता नाही येत, मला...”

“उद्या संध्याकाळी,” सर म्हणाले, “मला बोलता येईल?”

...

“येणार ना, सर!” प्रणय लगेच म्हणाला. “का नाही येणार? काही होत नाही! माझ्या मावसभावाच्या सासऱ्यांचं असंच होतं, सेम टू सेम. आठ दिवसांत गाणं म्हणून राहिले होते ते. भजनी मंडळात. अन् डॉक्टर आपले किती भारी आहेत. तुम्ही बघा, पुढचा ग्रंथ तुम्हीच वाचणार, मीच तुमच्या फायली जोडणार, थांब्यांसकट. काय गं, आशू?”

“हो तर!” मी म्हणाले. “काही होत नाही, सर.”

सर ऐकून घेत होते. ओल्या दुपट्ट्यातून एक थेंब त्यांच्या भुवईवर आला, तो त्यांनी पुसला नाही.

“हे तुला ठाऊक आहे?”

“म्हणजे... सगळेच म्हणून राहिले ना, सर.”

“उद्या मला तू नेणार. तुला विचारून राहिलो, सगळ्यांना नाही.” ते थांबले, श्वास घेतला. “येईल?”

प्रणयनं तोंड उघडलं.

काहीतरी होतं त्याच्या तोंडात, मला दिसत होतं. तयार होतं, नेहमीचं, माईक हातात आला की बाहेर पडणारं.

ते बाहेर आलं नाही.

त्यानं तोंड मिटलं.

माझ्याकडे बघितलं. मदत मागितल्यासारखं. मी कूलरकडे बघायला लागले. त्याच्या तळाशी गंजाचा डाग आहे, मी तोच बघत बसले. मला वाटत होतं, कोणीतरी काहीतरी बोला. मीच बोलावं. मी, जिला गप्प बसताच येत नाही! पण जे म्हणणार होते ते मी आत्ताच म्हणून बसले होते, आणि ते पुन्हा म्हणवेना.

बाहेर कुठंतरी शाळेची पोरं, आवाजावर खेळायच्या त्या खडखडणाऱ्या चेंडूनं क्रिकेट खेळत होती. तो चेंडू एकदा भिंतीवर आपटला. मग तेही थांबलं.

...

सर वाट बघत होते. रागानं नाही. तसं बघत होते जसं एखादा माणूस फाटकाशी उभा राहून वाट बघतो, येणारा आतून चपला घालून येईपर्यंत.

...

“नाही माहीत, सर,” प्रणय म्हणाला.

मला आवाज ओळखूच आला नाही. इतका लहान. या खोलीत त्याला वर्षभर ऐकलं मी, पण हा आवाज त्याच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नसावं.

सरांनी मान डोलवली. हळूच. एखादी गोष्ट हातात आल्यासारखी.

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली, हात लांब केला आणि पानावर त्या शेवटच्या वाक्याखाली बोट ठेवलं. कागद इतका जुना, की बोट टेकवताना ते जपूनच टेकवत होते.

प्रणयनं खाली बघितलं.

“मृत्यूस रडू का आले...”

आणि पुढं काही येईना.

मी त्याच्या ओठांकडे बघत होते. मोजत नव्हता तो. मोजणाऱ्या माणसाचं तोंड मला आता ओळखता येतं. त्याची नजर पानावर नव्हतीच, सरांच्या बोटावर होती. लाल दिवा तसाच जळत होता. मला वाटलं, आता हा वाचणारच नाही. उठून जाईल. ग्रंथ उघडाच राहील, आणि पहाटे आम्ही सगळे गाडीत बसून काही होत नाही, काही होत नाही म्हणत जाऊ.

...

“...हे आम्हांस ठाऊक नाही.”



सरांनी डोळे मिटले होते. वाक्याखाली नुसता कोरा कागद होता, तो प्रणय बघत बसला, जणू तिथंही काही लिहिलंय. त्याच्या हनुवटीवरून घाम टपकून पुस्तकावर पडेल म्हणून मला भीती वाटली, पण त्यानं स्वतःच हात आडवा धरला. ग्रंथाला त्यानं एवढं जपलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

शेवटी त्यालाच आठवण झाली.

“सर,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “रेकॉर्डिंग चालू राहून गेलं. आपलं सगळं बोलणं आलं त्याच्यात. अन् वाक्याच्या मधे तर किती वेळ... ते मी घरी जाऊन...”

‘कापतो’ म्हणणार होता, ते त्यानं तोंडातच ठेवलं.

सरांनी डोळे उघडले. पानावरचं बोट उचललं. दोन्ही हातांनी पुठ्ठा धरला, आणि तो जाडजूड ग्रंथ, कोपरे सांभाळत, हळूच मिटला.

मग माझ्याकडे बघितलं.

“अश्लेषा,” ते म्हणाले, “कूलर लाव.”